फडताळाच्या दारावरचा कागद

आमच्या स्वयंपाकघरांतल्या फडताळाच्या दाराला आंतून एक कागद डकवलेला आहे. त्याच्या कडा तेलकट झाल्या आहेत, एका कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे, आणि मधोमध कोणीतरी पेन्सिलीनें एक मांजर काढलें आहे. हें आमच्या घरांतल्या शाळेचें वेळापत्रक. तें सातवें आहे. आधींचीं सहा त्याच्याच खालीं एकावर एक निवांत पडलीं आहेत. कारण जुनें सोलून काढावें एवढी फुरसत मला कधीं मिळाली नाहीं, जुन्यावरच नवें डकवीत गेलें. पुढेंमागें एखाद्या संशोधकानें हे थर उलगडून पाहिले, तर एका गृहिणीचा अहंकार कसकसा उतरत गेला याचा क्रमवार इतिहास त्याला अनायासें सांपडेल.

मुलांना घरींच शिकवावें, असा कांहीं तात्त्विक निश्चय करून आम्ही या मार्गाला लागलों नाहीं. आमचें घर सांगलीच्या गांवभागांत. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर चढलें, तेव्हां तें आमच्या माजघरांतहि आलें आणि जातांना थोरलीचीं वह्या-पुस्तकें चिखलाचे गोळे करून ठेवून गेलें. तो चिखल धुवून सहासात महिने होतात न होतात तोंच मार्च २०२० मध्यें सगळ्या शाळाच बंद झाल्या. थोरली तेव्हां सात वर्षांची होती आणि धाकटा चार. दोन वर्षें शाळा म्हणजे मोबाइलच्या चौकटींत दिसणारें बाईंचें अर्धें कपाळ! पुढें शाळा उघडल्या, तेव्हां आम्हीं दोघांनाहि रीतसर पाठविलें. थोरली रमली. धाकटा मात्र साठ मुलांच्या वर्गांत चार महिने तोंड मिटून बसून राहिला. घरीं दिवसभर चिवचिवणारा मुलगा शाळेंत एक शब्द बोलत नाहीं, हें बाईंनीं मला सांगितलें तें सहामाहीच्या निकालाच्या दिवशीं. तोंपर्यंत तो त्यांच्या ध्यानांतच आला नव्हता. त्यांना मी दोष देत नाहीं. साठांतला एक गप्प बसला तर तेवढीच विश्रांति, असें मलाहि त्यांच्या जागीं वाटलें असतें. त्याला घरीं ठेवल्यावर वर्षभरानें थोरलीनेंहि हट्ट धरला, आणि आमच्या स्वयंपाकघराची शाळा झाली.

लोक पहिल्यानें कायद्याचें विचारतात. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं तो आहे, आणि घरीं शिकविणाऱ्यांची वेगळी सोय त्यांत शब्दांनीं केलेली नाहीं. वयाचीं चौदा वर्षें पुरीं झालीं म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेला बसतां येतें, तिकडे आमचें लक्ष आहे. एवढें सांगितलें कीं लोकांचें समाधान होतें किंवा ते विषय बदलतात. खरा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं, आणि तो असा कीं, बाई, तुम्ही शिकवितां तेव्हां भात कोण लावतें?

पहिलें वेळापत्रक मीं मोठ्या थाटांत केलें. लग्नापूर्वी एका महाविद्यालयांत तासांवर मराठी शिकवीत असें, त्याचा ताठा अजून अंगांत होता. चाळीस चाळीस मिनिटांचे आठ तास, मध्यें मधली सुट्टी, शेवटीं ‘कार्यानुभव’. सकाळीं साडेआठला घंटा म्हणून देवघरांतली घंटा वाजवावयाची. तें वेळापत्रक नऊ दिवस जगलें. पहिल्या तासाला नळाचें पाणी येई. दुसऱ्या तासाला भांडीवाल्या मावशी येत आणि त्यांच्या मागून त्यांच्या घरच्या अडचणी येत. तिसऱ्या तासाला सिलिंडरवाला हांक मारी. नवव्या दिवशीं मी भागाकारांतला ‘हातचा’ कुठें नाहींसा होतो तें समजावून देत होतें, आणि तें समजावण्यांत इतकी रंगून गेलें कीं दोन लिटर दूध उतूं जाऊन शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून शेजारच्या मांजराच्या पोटांत गेलें. धाकट्यानें तें पहिल्यापासून पाहिलें होतें. कां सांगितलें नाहींस, असें विचारतां तो म्हणाला, “तास चालूं होता ना!”

पुढचीं चार वेळापत्रकें लौकर सांगून टाकतें. एक रंगीत होतें. एक पहाटे साडेचारला सुरू होई आणि त्याच्या तिसऱ्या दिवशीं मी दुपारीं भाजीच्या टोपलीवर डोकें ठेवून झोपलें. एक माझ्या यजमानांनीं आपल्या बँकेच्या पद्धतीनें केलें होतें. त्यांत ‘काम सोपविलें’, ‘काम झालें’ आणि ‘तपासलें’ असे तीन रकाने होते, व तपासणाऱ्याची सही मी करावी असा आग्रह होता. पांचव्यांत काय होतें तें मला आठवत नाहीं.

थोरामोठ्यांच्या घरीं हें कसें जमे, म्हणून मीं त्या काळांत बरेंच वाचून पाहिलें. रवीन्द्रनाथांचें बालपणींचें शिक्षण पुष्कळसें घरींच झालें. पहाटे कुस्ती, मग अंगावरची माती झाडून गणित, आणि संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत इंग्रजी. शिकणारा पेंगला तरी मास्तर चुकायचा नाहीं. पण जोडासांकोच्या वाड्यांत मास्तर निराळे, पैलवान निराळा आणि स्वयंपाकी निराळा! मला या तिन्ही हुद्द्यांवर एकाच वेळीं काम करावयाचें होतें. गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत आपल्या मुलांना घरीं शिकविलें. जोहान्सबर्गला ते रोज चालत कचेरींत जात, तेव्हां मुलांना बरोबर घेत आणि वाटेनें बोलतां बोलतां शिकवीत. हें वाचून मला क्षणभर फार हेवा वाटला. मग मनांत आलें, त्या वेळीं मागें घरांत कस्तुरबा काय करीत असतील? १९१० मध्यें टॉल्स्टॉय फार्म सुरू झालें, तेथला वृत्तान्त मात्र मला आपल्या घरचा वाटला. सकाळ शेतीच्या आणि घरच्या कामांत जाई म्हणून शाळा जेवणानंतर भरे. मग मुलें पेंगत आणि गुरुजीहि पेंगत. डोळ्यांवर पाणी मारून जागें राहण्याची धडपड चाले आणि ती नेहमीं साधत नसे, असें गांधीजींनीं स्वतःच लिहून ठेवलें आहे. पुढें मोठ्या मुलानें आपल्या अपुऱ्या शिक्षणाबद्दल वडिलांना दोष दिला, तेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. हें वाक्य मीं त्या वेळीं वाचलें आणि पुढें सरकलें. तें मागाहून आठवावयाचें होतें.

सहाव्या वेळापत्रकाच्या वेळीं मात्र मला एक गोष्ट उमगली. घरकामाचे दोन प्रकार आहेत. कांहीं कामें नुसतीं हात मागतात आणि कांहीं हात, डोळे व चित्त अशीं तिन्ही मागतात. त्याचप्रमाणें अभ्यासाचेहि दोन प्रकार आहेत. कांहीं अभ्यास तोंडाचा आणि कांहीं बसण्याचा. मेथी निवडतांना, शेंगा सोलतांना, कपड्यांच्या घड्या घालतांना पाढे, कविता, स्पेलिंगें, इतिहासांतल्या गोष्टी हें सगळें सुखानें चालतें. किंबहुना हात कामांत असले म्हणजे धाकट्याची जीभ अधिक मोकळी होते, आणि चार महिने मुका राहिलेला हा मुलगा शेंगा सोलतांना अफझलखानाचा वध साभिनय सांगतो. तव्यावर भाकरी असतांना मात्र कांहीं शिकवूं नये. ज्वारीची भाकरी मत्सरी असते. दुसरीकडे पाहिलेंत कीं ती चिरते. आणि नवा गणिताचा प्रकार, निबंध, व्याकरण, हें शिकवावयाचें तर गुरूनेंहि खालीं बसलें पाहिजे. उभ्यानें, पदराला हात पुसत शिकविलेला भागाकार मुलाच्या डोक्यांत उभाच राहतो.

म्हणून मीं घड्याळाचे आंकडे खोडले आणि एकच ‘बैठक’ ठेवली. मावशी गेल्यावर दहाला सुरू व्हावयाची आणि साडेअकराला कुकर लावण्यापूर्वी संपावयाची. हा दीड तास मोकळा करण्यासाठीं काय काय करावें लागलें त्याची यादी लांब आहे. दुसऱ्या दिवसाची भाजी रात्रीं चिरून ठेवावयाची; कणीक दोन्ही वेळची एकदमच मळावयाची; कपडे एक दिवसाआड; जाळीं-जळमटें, फरशा आणि फडताळें शनिवारीं, आणि त्या दिवशीं शाळेला सुट्टी. सकाळचा फोन घ्यावयाचा नाहीं, यामुळें माझ्या दोन नणंदा अजून रागावलेल्या आहेत. धुळीशीं मीं तह केला आहे. ती पुस्तकांवर बसत नाहीं तोंवर मी तिला हात लावीत नाहीं.

उरलेला दिवस कामांच्या ओघांत वाहूं दिला, आणि त्या ओघानें जें आणून दिलें त्याची मला कल्पनाहि नव्हती. उन्हाळ्यांत कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलतांना वास कसा पालटतो हें मुलांनीं टिपून ठेवलें. गहू वाटून चीक काढल्यावर त्याच्या एका चमच्यावर आयोडीनचा थेंब टाकला, तो काळसर निळा झाला, आणि ‘पिष्टमय पदार्थ’ हा शब्द दोघांनाहि पुन्हा सांगावा लागला नाहीं. पावसाळ्यांत थोरली रोज आयर्विन पुलापाशींच्या पाण्याची पातळी वर्तमानपत्रांतून उतरून घेते आणि तिचा आलेख काढते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, या दोन तांबड्या रेघा तिनें आधींच आंखून ठेवलेल्या असतात. तो आलेख चढूं लागला कीं आम्ही मोठीं माणसें गप्प होतों. हा मात्र भूगोलाचा तास नव्हे.

अपूर्णांक आमच्या सासूबाईंनीं शिकविले. त्यांची शाळा चौथींत सुटली. पण पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी त्यांना अजून घडाघडा येतात. धाकट्याला मांडीशीं घेऊन, तूर पाखडतां पाखडतां, त्या सूर लावून म्हणत आणि तो मागून म्हणे. पाव म्हणजे काय हें माझ्या पुस्तकांतल्या गोल चित्रानें त्याला समजलें नव्हतें, तें सासूबाईंच्या मापट्या-चिपट्यांनीं समजलें.

सारांश, माझें उत्तम चाललें होतें. आल्यागेल्याला मी फडताळाचें दार उघडून तो कागद दाखवूं लागलें. एकदोघींनीं त्याची नक्कल करून नेली. कामांतूनच शिक्षण, हें वाक्य मी इतक्या वेळां बोललें असेन कीं तें माझें स्वतःचें आहे, असें मला वाटूं लागलें होतें.

गेल्या माघांतली गोष्ट. थोरलीला मीं शेकडेवारी शिकविली होती आणि सांगितलें होतें कीं, पुस्तकांतलीं उदाहरणें पुरे झालीं, आतां घरांतलीं शोधून काढ. दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन आली. ती एक रोजनिशी ठेवते. आज काय शिकलों, काय राहिलें, एवढेंच तींत असतें. तिनें मागल्या महिन्यांतले बैठकीचे दिवस मोजले होते. ते पंचवीस होते. त्यांपैकीं नऊ दिवशीं तिच्या नांवापुढें ‘बैठक अर्धी, आईला मदत’ अशी नोंद होती. धाकट्याच्या नांवापुढें तशी नोंद दोन दिवशीं होती. खालीं स्वच्छ अक्षरांत उदाहरण सोडविलें होतें: ताई ३६ टक्के, भाऊ ८ टक्के.

“आई, उत्तरें बरोबर आहेत का ग?” तिनें विचारलें.

उत्तरें बरोबर होतीं. मीं त्यांवर बरोबरची खूण केली. करतांना माझा हात कांपला, असें लिहिलें तर तें खोटें होईल. खूण मीं सवयीनें केली आणि वही परत दिली. ती निघून गेल्यावर पोळी लाटतांना ते दोन आंकडे पुन्हा माझ्यासमोर आले आणि पोळी तव्यावर करपली.

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तिला खरोखरच उदाहरण तपासून हवें होतें. त्यामुळेंच मला स्वतःची समजूत घालतां येईना. नऊ दिवस मला एकेक करून आठवले. पाहुणे आले, तेव्हां ‘तूं जरा चहा टाक, तुला येतें तें गणित’. मावशी आल्या नाहींत, तेव्हां ‘तूं भांडीं विसळ, मी याला तोंवर वाचून दाखवतें’. सासूबाईंना ताप आला, तेव्हां तर तीन दिवस. प्रत्येक वेळीं कारण खरें होतें. प्रत्येक वेळीं मोडायचें तर तिचेंच मोडलें, कारण तिला लौकर समजतें, ती कुरकुरत नाहीं, आणि ती मोठी आहे. धाकट्याची बैठक मी मोडीत नसें. तो मागें पडेल, पुन्हा मिटेल, ही भीति. आणि ती मुलगी आहे म्हणून मीं हें केलें का? नाहीं, असें मी प्रथम मनाशीं ठांसून म्हटलें. मग दोघांच्या वयांची अदलाबदल करून पाहिली. बारा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी असती, तर पाहुणे आल्यावर मीं कोणाला उठविलें असतें? याचें उत्तर मला द्यावेंसें वाटेना, यांतच तें आलें.

रात्रीं मीं तें सासूबाईंना सांगितलें. त्या वाती वळीत होत्या. कांहीं वेळ त्या बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, “मला तरी शाळेंतून कोणी काढलें होतें? काढलें नव्हतेंच. आई म्हणे, ‘आजचा दिवस राहा, बाळाला सांभाळ, उद्यां जा.’ उद्यां उद्यां करतां मास्तरांनींच एक दिवस पटावरचें नांव कमी केलें. आईला तें आठ दिवसांनीं कळलें. ती रडली हो! तिला वाटत होतें, मुलगी शाळेंतच आहे.”

चाळीस-पन्नास पाढे पाठ असलेल्या या बाईंना मी इतकीं वर्षें ‘चौथी शिकलेल्या’ म्हणून ओळखीत होतें. चौथींत काय घडलें हें कधीं विचारलें नव्हतें.

थोरलीला मी रमाबाई रानड्यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. १८७३ मध्यें अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन पुण्याला येते, माधवराव तिला शिकवूं लागतात, घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना तें खपत नाहीं, आणि त्यांचे टोमणे सोशीत, घरचीं कामें उरकून ती शिकते. मी ही गोष्ट रमाबाईंच्या चिकाटीचें कौतुक म्हणून सांगत असें. ‘घरचीं कामें उरकून’ या शब्दांवर माझा आवाज जरा चढत असे, हें आतां माझ्या ध्यानांत आलें. टोमणे मारणाऱ्या बायका निदान उघड विरोध करीत होत्या. मी वेळापत्रक करून, त्यावर मुलीचें नांव सुवाच्य अक्षरांत लिहून, तेंच करीत होतें. गांधीजींच्या थोरल्या मुलाबद्दलचें तें वाक्य मला त्या रात्रीं पुन्हा आठवलें.

सातवें वेळापत्रक दुसऱ्या दिवशीं झालें, आणि तें प्रथमच सगळ्यांनीं मिळून केलें. त्यांत थोर असें कांहीं नाहीं. बैठक मोडावयाची वेळ आली तर ती दोघांचीहि मोडावयाची, नाहींतर कोणाचीच नाहीं, हा थोरलीचा नियम. सकाळचें पाणी भरणें आणि दूध तापविणें यजमानांकडे गेलें. त्यांनीं पहिल्या आठवड्यांत दोनदां दूध उतूं घालविलें, तेव्हां मला जो आनंद झाला तो मी लपविला नाहीं. धाकटा भांडीं विसळतो. पेले चांगले, कढया वाईट. त्याच्या पहिल्या भाकरीचा आकार थोरलीच्या मतें श्रीलंकेसारखा होता. पाहुण्यांसाठीं सासूबाईंनीं युक्ति काढली. दहा ते साडेअकराच्या दरम्यान कोणी आलें तर त्या दारांतच सांगतात, “बसा, शाळा सुटायची आहे,” आणि पाहुण्यांच्या हातांत निवडावयाची भाजी देतात. एक दूरचे काका तेव्हांपासून संध्याकाळीं येतात.

तरी सगळें सुरळीत झालें, असें समजूं नये. गेल्या महिन्यांत मावशी आठ दिवस गांवीं गेल्या. तिसऱ्या दिवशीं सकाळीं, ओट्यावरचा ढीग पाहून, माझ्या तोंडून “अग, जरा ये ग” एवढें निघालेंच. थोरली उठूं लागली. धाकट्यानें वहींतून मान वर न करतां फडताळाकडे बोट दाखविलें. मीं भांडीं तशींच ठेवलीं आणि खालीं बसलें. दीड तास पाठीमागें त्या ढिगाकडे न पाहतां बसणें, ही माझी त्या दिवसाची बैठक. आणि ती मला फारशी साधली नाहीं. मीं एका बेरजेंत दोन चुका केल्या.

रोजनिशी ती अजून ठेवते. या महिन्याचे आंकडे तिनें मला दाखविले नाहींत, मीं विचारले नाहींत. उद्यां तिला चक्रवाढ व्याज शिकवावयाचें आहे. आणि दूधवाल्यानें आजच सांगून ठेवलें आहे, उद्यां त्याला यावयाला दहा वाजतील.